आनंदीबाईंचं निगेटिव्ह रक्त

धानोरीच्या आनंदीबाईंना वाट बघणं कधीच जमलं नाही. कुकरची वाफ जायच्या आत त्या झाकणाशी झटापट करायच्या. मालिकेत पुढं काय होणार ते शेजारणीकडून आधीच काढून घ्यायच्या. क्रिकेटच्या सामन्याची शेवटची षटकं सुरू झाली की टीव्हीसमोर उभ्याच राहायच्या, कारण आपण बसलो की आपला गडी बाद होतो यावर त्यांचा पक्का विश्वास होता. त्यांचे यजमान दत्तोबा उलट सगळं सावकाश करणारे. बायकोची धावपळ बघून ते म्हणायचे, "हिला देवानं घडवायला घेतली आन् ही अर्ध्यातच उठून आली."

विश्रांतवाडीवरून पुढं गेलं की धानोरी. जिथं त्यांची ज्वारी डोलायची तिथं आता बारा बारा मजल्यांच्या इमारती आहेत. जमीन गेली, तिच्या बदल्यात तीन मजली घर आलं, भाडेकरू आले. पण घरामागचा एक तुकडा आनंदीबाईंनी हट्टानं राखला होता. त्यात त्या मेथी, कोथिंबीर, चुका लावायच्या आणि सकाळी समोरच्या सोसायटीच्या फाटकाशी बसून विकायच्या. "गरज काय तुला?" असं मुलगा विक्रम विचारायचा. "मानसं भेटत्यात," एवढंच त्या सांगायच्या.

विक्रम खराडीच्या एका कंपनीत होता. त्याची बायको शेफाली बायकांना स्कूटर चालवायला शिकवायची. धडधाकट, मोठ्या आवाजाची मुलगी. मैदानाच्या एका टोकाला उभी राहून "ताई, ब्रेकवर विश्वास ठेवा!" असं ओरडली की दुसऱ्या टोकाची बाई खरंच ब्रेक दाबायची. सासू-सुनेचं छान जमायचं, कारण दोघींनाही हळू बोलता यायचं नाही. शेफालीची पाच वर्षांची ओवी दोघींच्या वरताण.

पण दोन वर्षांपूर्वी या घरातला आवाज बसला होता. शेफालीचं दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते घरातल्यांना अर्धंच कळलं. शेफालीचं रक्त निगेटिव्ह, विक्रमचं पॉझिटिव्ह. ओवी पॉझिटिव्ह जन्मली तेव्हा तिचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं आणि आईचं रक्त त्यावर चवताळून उठलं. ते तसं उठू नये म्हणून बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन द्यायचं असतं. शेफालीच्या माहेरी, एका लहानशा दवाखान्यात, ते राहून गेलं. मग पुढचं बाळही पॉझिटिव्ह निघालं आणि आईच्याच रक्तानं त्याला परकं ठरवलं.

गल्लीत मात्र एवढंच पसरलं की नवरा-बायकोचं रक्त जुळत नाही.

त्यामुळं यंदा गणपतीनंतर एका सकाळी शेफाली परसात आली आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या सासूपुढं उकिडवी बसली, तेव्हा ती एरवीसारखी ओरडली नाही.

"आई, दिवस गेलेत."

आनंदीबाईंच्या हातातली जुडी सुटली. उठून सुनेला मिठी मारावी असं त्यांना वाटलं आणि त्याच क्षणी मागचं बाळही आठवलं. त्यांनी आधी मिठी मारली.

"या बारीला चांगल्यातली चांगली डॉक्टर गाठायची," त्या म्हणाल्या. "कधी जायचं? आज जायचं का?"

शेफालीच्या एका विद्यार्थिनीनं शनिवार पेठेतल्या डॉक्टर सरोजिनी गद्रे यांचं नाव सुचवलं. बाई साठीच्या, बारीक अंगाच्या, केस घट्ट मागं बांधलेले. असल्या अवघड बाळंतपणांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही असं म्हणत, आणि जिभेला धार आहे असंही म्हणत. शेफाली, विक्रम आणि आनंदीबाई आत गेले तेव्हा डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पेशंट कोण?"

"मी," शेफाली म्हणाली.

"बरं. बाकीची मिरवणूक बसून घेऊ दे."

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट चाळले, बारीकसारीक प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेफालीच्या आधी आनंदीबाई देत होत्या. चौथ्या वेळी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, उलट्या तुम्हाला होतायत का?"

"न्हाई ओ. हिलाच."

"मग तिलाच सांगू द्या."

आनंदीबाईंनी तोंडाला पदर लावला, पण राग नाही आला. उलट त्यांना बाई आवडली. गावात त्यांची सासू अशीच बोलायची, फक्त तिच्या बोलण्यात माया शोधून सापडायची नाही.

सगळं बघून झाल्यावर डॉक्टर विक्रमकडं वळल्या. "तुमच्या आईवडिलांचे रक्तगट काय आहेत?"

"बाबांचा बी पॉझिटिव्ह. आईचा..." विक्रमनं आईकडं पाहिलं.

"मला कुठं ठाऊक?" आनंदीबाई म्हणाल्या. "मला कधी सुई टोचलीच न्हाई. इक्रम घरीच झाला. आजवर ताप सोडून काय आलं न्हाई मला."

"खाली लॅब आहे. बोट टोचून या. लगेच सांगतील."

"पर माझं कशाला? बाळ तर हिच्या पोटात हाय."

"या तर आधी. कारण आल्यावर सांगते."

आनंदीबाई जिना उतरल्या, बोट टोचून घेतलं आणि लॅबमधल्या मुलीच्या टेबलाशी उभ्या राहून "झालं का? झालं का?" करत राहिल्या. तिनं काचेवरचे थेंब हलवून पाहिले, चिठ्ठीवर दोन अक्षरं लिहिली. आनंदीबाई ती चिठ्ठी घेऊन धापा टाकत वर आल्या.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"ओ निगेटिव्ह," त्या म्हणाल्या. "आजी, तुम्हीही निगेटिव्ह आहात. विक्रमनंतर मुलं झाली तुम्हाला?"

 विक्रम आईकडं बघत होता. त्याला एवढंच माहीत होतं की आपण एकुलते एक आहोत.

"झाली की," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "दोन झाली. पयली पोरगी. जन्मली तवा चांगली रडली. सांजच्याला बघते तर हळद लावल्यावानी पिवळी. चार दिस काढलं तिनं. मग पोरगा. तो पोटातच... सुजलेला व्हता सगळा. सुईण म्हनली बघू नगंस. मी बघितला." त्या थांबल्या. "शेफालीचं मागचं बाळ बी तसंच दिसलं मला. मी कुनाला बोलले न्हाई. मला वाटलं माझंच काय तरी या घराला लागलंय."

शेफालीनं सासूचा हात धरला. डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढं ओढली.

"आनंदीबाई, नीट ऐका. तुमच्या सुनेला जे झालं तेच तुम्हाला झालं होतं. तुम्ही निगेटिव्ह, यजमान पॉझिटिव्ह. तुमच्या हातून काही चुकलेलं नव्हतं आणि तुमचं कुणाला काही लागलेलंही नाही. ते इंजेक्शन तेव्हाही पुण्यात मिळत होतं. तुमच्यापर्यंत पोचलं नाही, एवढीच गोष्ट आहे."

आनंदीबाईंना वाटलं आता आपण रडणार. पण रडू आलंच नाही. इतकी वर्षं कुणाच्या ओटीभरणाला त्यांना बोलावणं यायचं नाही. बाळाला तेल लावायला हात पुढं केला की बाया बाळ उचलून घ्यायच्या. सासूनं पाच गुरुवार, सात शनिवार, काय काय करायला लावलं. आणि कारण होतं हे, बोटातल्या थेंबाएवढं.

"आता चांगली बातमी ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही निगेटिव्ह आहात म्हणजे विक्रमला तुमच्याकडून निगेटिव्हचा भाग मिळालाय आणि वडिलांकडून पॉझिटिव्हचा. त्याच्याकडं दोन्ही आहेत. बाळाला त्यातला कुठलाही एक जाऊ शकतो. पॉझिटिव्ह गेला असेल तर आपल्याला फार जपावं लागेल. बाळाला पोटात असतानाच रक्त द्यायचीही वेळ येऊ शकते. तसं करतात, करता येतं. पण निगेटिव्ह गेला असेल तर आईच्या रक्ताचं बाळाशी भांडणच नाही. हे बाळंतपण इतर कुठल्याही बाळंतपणासारखं."

"म्हणजे फिफ्टी-फिफ्टी," विक्रम म्हणाला.

"तेच मी मराठीत सांगितलं."

"मग कळनार कधी?" आनंदीबाई खुर्चीच्या काठावर आल्या होत्या. "जन्मल्यावर?"

"पूर्वी पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढावं लागायचं. त्यात थोडा धोका असतो. आता आईच्या दंडातलं रक्त पुरतं. बाळाचे अगदी सूक्ष्म अंश आईच्या रक्तात फिरत असतात. तुमच्या सुनेच्या स्वतःच्या रक्तात पॉझिटिव्हची खूण असूच शकत नाही. म्हणजे ती सापडली तर बाळाची. थोडे दिवस जाऊ देत, मग रक्त घेऊ. पुण्याबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. आणि एक आत्ताच सांगून ठेवते. मुलगा की मुलगी हे मला विचारायचं नाही. ते मी बघत नाही, सांगत नाही, कायदाही तेच म्हणतो."

"मला त्ये विचारायचंच न्हाई!" आनंदीबाई जवळजवळ ओरडल्या. "पोरगं होऊ दे, पोरगी होऊ दे. मला फकस्त रक्त सांगा."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. "हे वाक्य या खोलीत पहिल्यांदाच ऐकतेय," त्या म्हणाल्या.

तिघं घरी आले तेव्हा दत्तोबा ओसरीत पेपर वाचत बसले होते. आनंदीबाईंनी चप्पलही काढली नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. निगेटिव्ह, पॉझिटिव्ह, पिवळी पोरगी, सुजलेला पोरगा, इंजेक्शन.  ऐकून झाल्यावर दत्तोबा उठले आणि परसात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून आनंदीबाई बघायला गेल्या, तर मोटार लावून मेथीला पाणी देत होते. सकाळीच पाणी दिलेलं होतं.

"अव्हो, कुजंल ती."

दत्तोबांनी मोटार बंद केली. "आयला सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. त्यांची आई जाऊन आता खूप वर्षं झाली होती.

"त्या असत्या तरी त्यांनी ऐकलं नसतं," आनंदीबाई म्हणाल्या आणि का कोण जाणे, दोघंही हसले.

शेफालीचं रक्त घेतलं गेलं आणि आनंदीबाईंचा खरा वनवास सुरू झाला. रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागतील असं सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी विक्रमला विचारलं, "काय म्हनले?"

"आई, आत्ता तर रक्त विमानात पण बसलं नसेल."

एका दुपारी जेवताना विक्रमनं समजूत घालायला म्हटलं, "टॉससारखं आहे, आई. नाणं हवेत आहे. बघत राहायचं."

आनंदीबाईंनी घास हातातच ठेवला. क्रिकेटचा विषय निघाला की त्यांचं डोकं तल्लख चालायचं. "हवेत कुठलं? जे व्हायचं ते पयल्याच दिवशी झालंय की. नाणं खाली पडलंय, आपल्याला वाकून बघता येत न्हाई एवढंच!"

 हे विक्रमच्या आणि शेफालीच्या डोक्यात आलंच नव्हतं.

त्या दिवसांत घरात एक मजेशीर गोष्ट सुरू झाली. बाळ कुणावर जाणार यावरून घराघरांत चढाओढ असते. नाक आमचं, रंग आमचा, हुशारी आमच्याकडची. इथं विक्रमच्या बाजूचे सगळे माघार घेत होते. दत्तोबा सुनेच्या पोटाकडं बघून गंभीरपणे सांगायचे, "बाळा, माझ्यावर अजाबात जाऊ नगंस. माझ्याकडचं काय बी घेऊ नगं." ओवीला यातलं फारसं कळत नव्हतं, पण तिनंही ठरवून टाकलं होतं की बाळ आजीसारखं व्हायला पाहिजे, कारण आजीचं रक्त निगेटिव्ह आणि आजीला आंब्याची साल काढता येते. आनंदीबाई देवापुढं बसायच्या आणि हात जोडून स्पष्ट शब्दांत सांगायच्या, "माझ्यातलं दे. माझ्यातलंच दे." सांगताना त्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या. आजवर त्यांनी देवाकडं कधी स्वतःसारखं काही मागितलं नव्हतं.

एके दिवशी त्यांची धाकटी बहीण साताऱ्याहून येणार होती. तिला आणायला आनंदीबाई स्वारगेटला गेल्या होत्या. एसटी स्टँडवर नेहमीची झुंबड. गाड्यांची घरघर, भोंगे, "सातारा, सातारा", पिशव्या, रडणारी पोरं. बहिणीची गाडी अजून लागायची होती. तेवढ्यात फोन वाजला. शेफाली.

"आई! आई, ऐकू येतंय का?"

"न्हाई येत! मोठ्यानं बोल!"

स्कूटर शिकवणारा तो आवाज मग असा निघाला की शेजारच्या बाकावरच्या माणसानंही मान वळवली.

"आई, बाळ निगेटिव्ह आहे! नि-गे-टि-व्ह!"

"परत सांग!"

"निगेटिव्ह! तुमच्यावर गेलंय!"

 आनंदीबाई शेजारच्या कुणाच्या तरी बोचक्यावर बसल्या आणि लगेच उठून उभ्या राहिल्या, कारण बसून चालणार नव्हतं. "निगेटिव्ह आलं!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. कुणाला असं नाही, सगळ्या स्टँडलाच. "ओ, निगेटिव्ह आलं आमचं!"

बोचक्याची मालकीण घाबरून दोन पावलं मागं सरकली. "काय हो मावशी, करोना परत आला का?" एका कॉलेजच्या पोरीनं ओढणी नाकाला लावली. एक धोतरवाले आजोबा मात्र समजुतीनं म्हणाले, "निगेटिव्ह आलं म्हनजे चांगलंच की. पॉझिटिव्ह आलं तर वाईट."

"अगदी बराबर बोललात!" आनंदीबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून हलवले. साताऱ्याची गाडी लागली तेव्हा बहीण पायरीवरून उतरायच्या आत त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. बहिणीला फक्त "बाळ" आणि "रक्त" हे दोन शब्द कळले आणि ती रडायला लागली. तिला समजावत, हसत, पिशव्या सावरत दोघी रिक्षात बसल्या. वाटेत आनंदीबाईंनी रिक्षा थांबवून पेढे घेतले आणि पहिला पेढा रिक्षावाल्याला दिला.

पुढच्या भेटीत डॉक्टर गद्रेंनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, "चांगला आलाय. पण एकदा आलेल्या निगेटिव्हवर मी पेढे वाटत नाही. पॉझिटिव्हची खूण सापडली तर ती बाळाची, हे नक्की. सापडली नाही तर दोन शक्यता. खरंच नाही, किंवा बाळाचा अंशच कमी आला. प्रयोगशाळेनं ते तपासलंय, अंश पुरेसा होता म्हणतात. तरी या केसमध्ये मी अजून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त पाठवणार आहे."

आनंदीबाईंचं तोंड उतरलं. "वाटले की ओ मी."

"काय?"

"पेढे."

"किती लोकांना?"

"सगळ्या गल्लीला. आन् स्वारगेटला."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मग परत गोळा करा," त्या म्हणाल्या. पण त्या हसल्या होत्या. शेफालीनं नंतर शपथेवर सांगितलं, नक्की हसल्या होत्या.

दुसऱ्या खेपेची वाट पहिल्यापेक्षा कठीण होती, कारण आता हातात आलेलं काहीतरी निसटण्याची भीती होती. त्यातच शेफालीच्या रक्तातली ती चवताळलेली फौज तपासणीत जशीच्या तशी दिसत होती, मागच्या वेळेइतकीच. शेफाली तोंडानं काही बोलायची नाही. मैदानावर जाऊन बायकांना शिकवत राहायची, फक्त आता खुर्चीत बसून. एके दिवशी आनंदीबाई तिला डबा द्यायला गेल्या तर ती नुसतीच खुर्चीत बसली होती, समोरची बाई एकटीच गोल गोल चकरा मारत होती.

"आई, माझं रक्त अजून तसंच आहे," शेफाली म्हणाली. "त्याला कोण सांगणार की या बाळाला हात लावू नको?"

आनंदीबाईंनी डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला. "त्याला सांगायची गरजच न्हाई. ते पॉझिटिव्हलाच शोधत फिरतंय. फिरू दे. घरात न्हाईच म्हनल्यावर कुनाला धरनार?" मग स्वतःच चपापून म्हणाल्या, "असं डॉक्टरीनबाईच म्हनल्या. मी आपली माझ्या भाषेत सांगते."

शेफाली जेवली. सगळं जेवली.

दुसरा रिपोर्टही निगेटिव्ह आला. यावेळी फोन स्वतः डॉक्टरांनी केला, आणि तो शेफालीला नाही, आनंदीबाईंना. "आता वाटा," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. आनंदीबाईंनी विळा खाली टाकून परसातच दोन गिरक्या घेतल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरणीनं गॅलरीतून विचारलं, "काकू, जिंकलो का?" तिला वाटलं सामना चालू आहे.

सातवा महिना लागला. मागच्या वेळी याच महिन्यानं घात केला होता, म्हणून डोहाळजेवण करायचं की नाही यावर आधी कुजबूज झाली. शेफालीनंच ठरवलं, करायचं आणि दणक्यात करायचं. तिच्या स्कूटरवाल्या विद्यार्थिनी हिरव्या साड्या नेसून, हेल्मेट काखेत धरून आल्या. भावकीतल्या बायका आल्या. पाट मांडला, तबक सजलं. पहिली ओटी कुणी भरायची हा प्रश्न आला तेव्हा आनंदीबाई सवयीनं मागं सरकल्या. भिंतीपाशी, नेहमीच्या जागी.

"थोरल्या काकींनी भरावी," कुणीतरी म्हणालं. थोरल्या काकी म्हणजे दत्तोबांच्या चुलत्यांच्या सूनबाई, चार मुलांच्या आई. त्या पदर सावरत पुढं झाल्याही.

दत्तोबा दारात उभे होते. बायकांच्या कार्यक्रमात ते कधी यायचे नाहीत. आजही आत आले नाहीत. उंबऱ्यापलीकडूनच म्हणाले, "थांबा जरा. पयली ओटी आनंदी भरंल."

"अव्हो भावजी," थोरल्या काकी म्हणाल्या, "तिचं ते... रीत असतीया."

"रीत आमाला ठाऊक हाय. इतकी वर्सं मी गप बसून बघितली. ते बाळ तिच्या रक्तानं जगलंय. तिच्याइतकी लायक दुसरी कोन हाय इथं?" दत्तोबांचा चेहरा लाल झाला होता. एवढं लांब भाषण त्यांनी लग्नानंतर केलेलं कुणाला आठवत नव्हतं. बोलून झाल्यावर ते घाईघाईनं निघूनच गेले, आणि दाराबाहेरच्या चपलांना अडखळले.

आनंदीबाई पुढं आल्या. तबकातले तांदूळ त्यांनी ओंजळीत घेतले ते इतके भरून की निम्मे पाटावर सांडले. शेफालीनं पदर आणखी पसरला. "सांडू दे आई," ती म्हणाली, "सगळे माझ्याच पदरात येतात." एका विद्यार्थिनीनं शिट्टी मारली. थोरल्या काकींनी क्षणभर वाट पाहिली, मग त्यांनीच नारळ उचलून आनंदीबाईंच्या हातात दिला.

बाळ ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी झालं. डॉक्टर गद्रे बाहेर आल्या, कपाळावर घाम होता.

"मुलगी," त्या विक्रमला म्हणाल्या. "दोघी ठणठणीत." मग आनंदीबाईंकडं वळल्या. "नाळेतलं रक्त तपासायला दिलंय. कळवतीलच."

"मी हितं उभी हाय," आनंदीबाई म्हणाल्या.

"बसा की."

"न्हाई. उभंच बरं."

लॅबची मुलगी चिठ्ठी घेऊन आली तेव्हा कॉरिडॉरमध्ये विक्रम, दत्तोबा, ओवी आणि साताऱ्याची बहीण असे सगळे उभे होते. डॉक्टरांनी चिठ्ठी उघडली, वाचली, आणि काही न बोलता आनंदीबाईंच्या हातात दिली. आनंदीबाईंना वाचता येत होतं, पण इंग्रजी अक्षरं नाही. त्यांनी चिठ्ठी उलटी-सुलटी केली. शेवटी त्यांना अक्षरापुढची आडवी रेघ दिसली. वजाबाकीची.

"वजा," त्या म्हणाल्या. "वजा हाय ना ही?"

"वजाच," डॉक्टर म्हणाल्या. "दोनदा सांगितलं ते तिसऱ्यांदा खरं निघालं."

मग मात्र आनंदीबाई रडल्या. तिथंच, बाकाला धरून, मोकळ्या आवाजात. ओवी घाबरून आजोबांना बिलगली. दत्तोबांनी तिला उचललं आणि सांगितलं, "आजी हसतीया. तिला हसायचं आन् रडायचं एकदमच येतं."

चार दिवस आनंदीबाईंनी बाळाला खिडकीशी धरून सकाळ-संध्याकाळ उन्हात निरखलं. पिवळेपणाची छटासुद्धा नव्हती. पाचव्या दिवशी निरखणं थांबवून त्या तिला तेल लावायला बसल्या.

बारशाला मुलीचं नाव सुरुची ठेवलं आणि त्यानंतर आनंदीबाई पुन्हा सोसायटीच्या फाटकाशी दिसू लागल्या. भाजी घ्यायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो अशी आता तक्रार आहे. चवथ्या मजल्यावरचे अनंत जोशी म्हणून निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांनी एकदा विचारलंच, "आनंदीबाई, कोथिंबिरीबरोबर रक्तगट सांगणं सक्तीचं आहे का?"

"तुमचं नगं सांगू," त्या म्हणाल्या. "तुमचं बाळंतपण व्हायचं न्हाई."

परवा एक नवी मुलगी आली. नुकतंच लग्न होऊन सहाव्या मजल्यावर राहायला आलेली. मेथी निवडताना सारखा हात पोटाकडं जात होता. आनंदीबाईंनी ते बरोबर टिपलं.

"कितवा?"

मुलगी लाजली. "चौथा, काकू."

"रक्तगट काय गं तुझा?"

"बी निगेटिव्ह. का हो?"

आनंदीबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "आन् मालकांचा?"

"माहीत नाही. विचारलं नाही कधी."

"मग फोन लाव," आनंदीबाई म्हणाल्या आणि गोणपाट सरकवून तिला बसायला जागा केली. "ऑफिसात असू दे, मीटिंगीत असू दे, लाव. बस हितं. मी थांबते."